दोन घरांचा रेडिओ

आमच्या हॉलमधल्या टीव्हीच्या केबलचा डबा एकच आहे. त्यातूनच एक तार काढून मुलाने ती भिंतीच्या कडेकडेने माझ्या खोलीत आणली आणि तिथल्या जुन्या टीव्हीला जोडून दिली. आता हॉलमध्ये जे लागतं तेच मला दिसतं. तिकडे कोणी कंटाळून चॅनल बदललं की इकडे माझ्या मालिकेतली बाई अर्ध्या वाक्यावर गप्प होते आणि तिच्या जागी कोणीतरी पनीर तळू लागतं. सून विचारते, "तुम्हाला वैताग नाही का येत?" येतो की. पण तक्रार करायला तोंड उघडावं तर भागाबाई आठवते. लहानपणी आमच्या रेडिओच्या तारेच्या त्या टोकाला ती होती आणि बटण आमच्या हातात होतं. तिने मात्र तक्रार करायला कधी संकोच केला नाही. ती सरळ अंगणात उभी राहून ओरडायची, "मास्तर, आवाज चढवा जी, थो बाबा तोंडातल्या तोंडात बोलून राह्यला."

मास्तर म्हणजे माझे बाबा. ते कारंज्याच्या शाळेत मराठी शिकवत. गावाच्या कडेला तुळशीरामभाऊंची भाजीची वाडी होती. वाडीच्या तोंडाशी एकाच अंगणात दोन घरं, मोठं त्यांचं आणि भाड्याचं, दोन खोल्यांचं आमचं. भागाबाई ही तुळशीरामभाऊंची आई आणि नामदेव हा त्यांचा मुलगा. पहाटे विहिरीवरची मोटार सुरू झाली की आमचा दिवस उजाडायचा. मग अंगणात मेथीच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या जात, त्यांवर पाणी शिंपडलं जाई, आणि तो ओला हिरवा वास आमच्या चुलीच्या धुरात मिसळून घरभर फिरे. उजाडता उजाडता भागाबाई तागडी आणि टोपली घेऊन बाजारात निघे. दुपारी परत आली की उरलेली वांगी, थोडी आंबाडी, चार भेदरं आमच्या दारासमोर ठेवून जाई. टोमॅटोला भेदरं म्हणतात हे आता माझ्या नातवंडांना सांगावं लागतं.

ही खोली मिळाली नव्हती तोवर आम्ही शाळेच्या एका वर्गात राहत होतो. बाबा खोली पाहायला जात, घरमालक चहा मागवायच्या बेतात असे, तेवढ्यात आडनाव विचारलं जाई आणि ती खोली नेमकी कालच कोणाला तरी देऊन झालेली निघे. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली, बाबा शिकले, पगारदार झाले, पण आडनाव तेच राहिलं. तुळशीरामभाऊंनी आडनाव विचारून झाल्यावरही खोली दिली, हे बाबा कधी विसरले नाहीत. आईही विसरली नव्हती, पण तिच्या लक्षात आणखीही काही होतं. राहायला आलो त्या वर्षी तिने हौसेने पातोड्या केल्या आणि वाटीभर पलीकडे पाठवल्या. संध्याकाळी त्या पातोड्या गाईपुढे दिसल्या. आईने ते पाहिलं. वाटी घासून फळीवर ठेवली. तिकडून भाजी येत राहिली आणि इकडून काही जाईनासं झालं. दोन्ही घरांचं फार चांगलं होतं असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही. अंगणापुरतं फारच चांगलं होतं.

मग बाबांनी रेडिओ घेतला. लाकडी पेटीचा. सुरू केला की आतले दिवे तापेपर्यंत तो गप्प राही आणि मग त्याचा हिरवा डोळा हळूहळू उघडे. आईने त्याला दोऱ्याच्या विणकामाचं झाकण केलं. माझी पाठ मात्र त्या दिवसापासून एकदम ताठ झाली. मी पोळपाट लाटणं मागतानासुद्धा बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात मागत असे आणि आईकडून त्याच लाटण्याचा प्रसाद मिळत असे. पलीकडच्या बायकांना ऐकायची फार इच्छा, पण आत येऊन बसायचं तर पंचाईत. आत बसलं की चहा विचारला जाणार, आणि विचारला की तो घ्यावा लागणार किंवा नाकारावा लागणार. त्यापेक्षा भागाबाई आमच्या खिडकीखाली टोपली घेऊन उभी राही आणि निवडून झालेली मेथी पुन्हा निवडत बसे.

ही पंचाईत बाबांनी सोडवली. अकोल्याहून त्यांनी लाकडी खोक्यातला एक स्पीकर आणला. रेडिओच्या पाठीमागे भोकांच्या दोन जोड्या होत्या. त्यातल्या एका जोडीत लांब तारेची पिन खोचली आणि ती तार अंगणावरून पलीकडच्या खिडकीत नेली. स्पीकर त्यांच्या मधल्या खोलीतल्या कोनाड्यात बसला. आता रेडिओ आमच्याकडे वाजे आणि तोच त्यांच्याकडेही. अंगणाच्या मध्यभागी उभं राहिलं तर दोन्ही कानांत एकच बाई गायची. बाबा याला लोकशिक्षण म्हणत. आई म्हणाली, "बरं झालं. आवाजाले काही चहा पाजा लागत नाई."

भागाबाईने त्या खोक्याला डबा म्हणायला सुरुवात केली आणि त्याच्याशी भांडायलाही. पहाटेचं भजन ती डोळे मिटून ऐके, पण संध्याकाळी बाजारभाव लागले की तिचं आणि डब्याचं जुंपे. "खोटं बोलून राह्यला थो. आज वांगे कोनी पुसले नाईत." डबा पुढच्या भाजीवर जाई. "अन् सांबाराचं काहून नाई सांगत?" आपलं बोलणं डब्यातल्या माणसापर्यंत जात नाही हे तिला कळत होतं. तरी एखादं वेळी जाईलही, असा तिचा थोडा हिशोब असावा. त्या बाबतीत ती आमच्यापेक्षा हुशार निघाली.

नामदेवसाठी रिसोडकडची मुलगी सांगून आली. मुलगी पाहून झाली होती, आता तिकडची माणसं घर पाहायला यायची होती. त्या रविवारी अख्खं अंगण सारवलं गेलं. आईने आमच्या बाजूचंही सारवलं, आमचा काही संबंध नसताना दारात रांगोळी घातली, आणि पाहुण्यांची नजर चुकून आत आली तर असावं म्हणून रेडिओ खाली उतरवून फडक्याने लख्ख पुसला. पुसायला पिन काढावी लागली. ती परत लावायचं काम अर्थात बाबांचं. पाठीमागच्या भोकांवरची अक्षरं केव्हाच पुसट झालेली होती, पण बाबांनी वाचल्यासारखं करून एका जोडीत पिन घातली आणि बटण फिरवलं. हिरवा डोळा उघडला. आवाज काही येईना. बाबांनी दुसरं बटण एकेक घर पुढे सरकवलं, आणि अगदी शेवटच्या घरावर, जिथे तबकडीचं चित्र होतं तिथे, रेडिओ खरखरला आणि भांडी वाजल्याचा आवाज आला.

"पान्याचा तांब्या कुठी ठेवला वं?" रेडिओतली एक म्हातारी म्हणाली.

बाबा मागे रेलले. "श्रुतिका दिसते. ग्रामीण. भाषा फार अस्सल ठेवली आहे."

"बाई आवाज काढते मात्र," आई कौतुकाने म्हणाली. "आपल्या भागाबाईवानी."

मी लगेच सांगून टाकलं की या नटीला मी ओळखते, मागे एका नाटकात हिनेच राणीचं काम केलं होतं. आई म्हणाली, असेल, खोकलाही झकास काढते. आम्ही तिघं अगदी रमलो. श्रुतिकेत सतरंजी झटकली गेली, कोणीतरी पुऱ्या तळत होतं, आणि मग म्हातारी म्हणाली, "नामदेव, थ्या मास्तरले सांग, रेडिओ लावा म्हना. पाहुने आले." पुढच्याच क्षणी नामदेव त्यांच्या घरातून बाहेर पडून अंगण ओलांडून आमच्याकडे येताना खिडकीतून दिसला. रेडिओतून निघालेला माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आजी म्हन्ते रेडिओ लावा."

"लावतो, लावतो," बाबा म्हणाले. "जरा बिघाड आहे."

माझा मुलगा इंजिनियर आहे. तो म्हणतो, त्यात काय, स्पीकर आणि माईक ही एकच वस्तू, एकीकडून लावली की बोलते, दुसरीकडून लावली की ऐकते. भोकांची दुसरी जोडी गाण्याच्या तबकड्या वाजवायच्या यंत्रासाठी होती. तिथे पिन गेली आणि भागाबाईच्या कोनाड्यातल्या डब्याचा कान झाला. मुलाला त्यात नवल वाटलं नाही. आम्हाला मात्र नामदेव परत जाऊन रेडिओत शिरेपर्यंत काहीच उमजलं नाही. "लावून राह्यले," असं त्याने तिथे पोचून सांगितलं, तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. ते घाईने उठले आणि पिन काढायला हात पुढे केला.

"घर पायलं, वाडी पायली," रेडिओत एक नवा, जड आवाज बोलू लागला. मुलीचे वडील असणार. "मन भरलं. एकच गोष्ट इचारतो, राग मानू नोका. तुमच्या अंगनात थे मास्तर राह्यते, थे कोन्या लोकाचे?"

बाबांचा हात जिथे होता तिथेच राहिला.

"शाळेत हायेत," तुळशीरामभाऊ म्हणाले. "मराठी शिकवते. सज्जन मानूस."

"सज्जन तं असतीनच. म्या लोक इचारले."

पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तुळशीरामभाऊंनी सांगितलं, "बौद्ध हायेत."

"हं." मागे पुरी तळल्याची चुरचुर. "माही पोरगी याच अंगनात फिरन. आमच्याकडची मानसं येतीन-जातीन. त्यायले दुसरी खोली पायले सांगा. लगन व्हायच्या आंधी. एवढं झालं का आपुन सुपारी फोडू."

आम्ही तिघं रेडिओभोवती बसलो होतो, नेहमी बसायचो तसेच. आईच्या हाताला ज्वारीचं पीठ होतं. मला आठवतं, मी त्या हिरव्या डोळ्याकडे पाहत होते आणि मला वाटत होतं की आता कोणीतरी म्हणेल, ही श्रुतिका आपण ऐकलीत. कोणी म्हटलं नाही. शाळेतला तो वर्ग, बाकं भिंतीला लावून केलेली झोपायची जागा, सकाळी मुलं यायच्या आत गुंडाळावं लागणारं अंथरूण, हे सगळं एकदम समोर आलं. पलीकडे तुळशीरामभाऊंनी घसा साफ केला. आता ते बोलणार होते.

आईने पुढे होऊन पिन उपटली.

"अगं, तो काय म्हणतो ते तरी ऐकू दे," बाबा जवळजवळ विनवून म्हणाले.

"नाई. त्यायच्या घरातलं त्यायले बोलू द्या. आपल्याले सांगाचं असन तं दारात येऊन सांगतीन. चोरून ऐकलेल्या गोष्टीवर मी सामान बांधनार नाई." तिने पिन बाबांच्या हातात दिली. पिनेला पीठ लागलं होतं. "आता नीट भोकात घाला अन् लावा. पाहुने आले, रेडिओ लावा म्हनते."

बाबांनी लावला. शेतकऱ्यांसाठी खत कसं टाकावं ते कोणीतरी सांगू लागलं, आमच्या घरात आणि त्यांच्या घरात. आमचं भविष्य ठरत असताना त्या मधल्या खोलीत शेणखताची माहिती चालू होती. त्या तारेतून एक तर ऐकवता येत होतं नाहीतर ऐकता येत होतं, आणि आईने ऐकवायचं ठरवलं होतं. पाहुणे उन्हं उतरल्यावर एसटी गाठायला निघाले. जाताना अंगणात ते बाबांना नमस्कार म्हणाले, बाबाही म्हणाले. कोणाच्या चेहऱ्यावरून काही कळेना. बाबांनी मग येरझारा घालत दोन भाषणं तयार केली, एक खोली सोडायला नकार देणारं आणि एक स्वाभिमानाने सोडणारं. दोन्हींत अलंकार फार होते. आईने तेवढ्यात मळून उरलेल्या पिठाच्या दोन गोळ्या केल्या आणि रेडिओच्या त्या नको असलेल्या भोकांत अंगठ्याने दाबून बसवल्या. पुढे त्या वाळून दगड झाल्या. तो रेडिओ विकेपर्यंत त्या निघाल्या नाहीत.

सकाळी मोटारीच्या आवाजाऐवजी विटा उतरवल्याचा आवाज आला. तुळशीरामभाऊ दोन घरांच्या मधोमध दोरी ताणत होते. बाबा बाहेर गेले. आई आणि मी दाराच्या आत उभ्या.

"मास्तर जी, आडोसा घालून राह्यलो," ते खाली पाहूनच म्हणाले.

"कशाचा?"

"अंगन लय मोठं दिसते ना. पाहुन्यायले."

"अंगण मोठं दिसतं, म्हणून भिंत," बाबा म्हणाले. वर्गात एखाद्या मुलाचं चुकलेलं उत्तर ते असंच सावकाश त्याला परत ऐकवत.

तुळशीरामभाऊंनी दोरीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "खोली तुमचीच हाय. जवरी पायजे तवरी राहा. म्या तसं सांगतलं त्यायले. पन भिंत तरी घाला म्हने थे, तवा मले गप बसा लागलं."

 आई चुलीपाशी गेली आणि भाकर थापू लागली, नेहमीपेक्षा जोरात. बाबांना दोन्हींपैकी एकही भाषण करता आलं नाही. त्यांनी थोडा वेळ उभं राहून पाहिलं आणि मग, मला अजून कळत नाही का, खाली बसून दोरीचं दुसरं टोक धरलं. दोरी तिरकी जात होती म्हणून असेल. त्यांना तिरकं काही सहन होत नसे.

भिंत माणसाच्या डोक्याइतकी झाली. तिच्यासाठी तार काढून ठेवावी लागली होती. दोन दिवस पलीकडचा डबा मुका होता आणि भागाबाई बाजारातून आली की भिंतीपलीकडून तिच्या येरझारा ऐकू येत. शेवटी ती वळसा घालून आमच्या दाराशी आली. इतक्या दिवसांत ती उंबऱ्याला खेटून कधी उभी राहिली नव्हती.

"तार ओढून घ्या म्हन्ते मी. भिंतीत भोक ठेवलं तुमच्यासाठी."

"कोनासाठी, मावशी?" आईने विचारलं.

"बरं, माह्यासाठी." तिने आवाज खाली आणला. "थो सोयरा तुमाले काढा म्हनत होता. तुळशा तं आंधी गारठला. म्या म्हटलं, मास्तर गेले तं रेडिओ जाते. माह्या डब्यात मंग कोन बोलन, तुमी?"

आम्हाला यातलं अर्धं ठाऊक होतं. आईने तसं तोंडावर दिसू दिलं नाही. मी आजवर हे वाक्य कितीदा तरी मनात घोळवलं आहे. पाहुण्यांसमोर माणसांसाठी भांडता येत नव्हतं म्हणून ती रेडिओसाठी भांडली असेल. किंवा खरंच रेडिओसाठीच भांडली असेल. तिला विचारलं असतं तर तिने मलाच विचारलं असतं की यात फरक काय, आणि त्या वयात मला तो सांगता आला नसता. आता सांगता येईल असं वाटतं, पण लिहायला बसले की शब्द अडतात.

"तार देते," आई म्हणाली. "पन भोकातून नाई. वरून जाईन. भिंतीच्या वरून, बांबू लावून."

"काहून? भोक तयार हाय."

"भोकातून गेलेली तार कोनाले दिसत नाई."

भागाबाई आईकडे पाहत राहिली. गिऱ्हाईकाने मागितलेला भाव परवडतो का, हे पाहताना तिचा जबडा जसा हलायचा तसा हलला. "पाहुन्यायले दिसन," ती म्हणाली.

"हो."

अंगणात पोरं ओरडत होती. भिंतीच्या ओल्या मातीचा वास येत होता. "बांबू आमच्या वाडीतला चालन का?" भागाबाईने विचारलं.

बांबू तुळशीरामभाऊंनी स्वतः रोवला. रोवला तोही चांगला उंच. तार आमच्या खिडकीतून निघून भिंतीच्या हातभर वरून पलीकडे उतरली. लग्न तिकडे रिसोडकडे लागलं. सून घरी आल्यावर इकडे पूजा झाली, तेव्हा सोयरे पुन्हा आले. आमचं आमंत्रण होतं, पण वाढलेलं ताट घरी पाठवतो असा निरोपही होता. आईने सांगून पाठवलं की आमचा स्वयंपाक झाला आहे. बाबा जाऊन नव्या जोडप्याला आहेर देऊन आले आणि बेसन-भाकर खाऊन, हळू आवाजात रेडिओ लावून खुर्चीत बसले. पलीकडे पंगत बसली होती, ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

तेवढ्यात तो जड आवाज भिंतीच्या अगदी जवळ आला. हात धुवायला आले असावेत. "ही तार कायची वं माय?"

"आवाजाची," भागाबाई म्हणाली. "मास्तरच्या घरून येते. तुमाले काय पायजे, बातम्या का भजन?"

 तांब्यातलं पाणी फरशीवर पडत राहिलं. आई उठली, पदराला हात पुसले, रेडिओपाशी गेली आणि आवाजाचं बटण जिथवर फिरतं तिथवर फिरवलं.